बोर्डावरचा अर्धा अंश

"तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नेमकं काय करतेस, ते आम्हाला कळेल अशा भाषेत लिहून दे," असं माझी मावशी गेली दोन वर्षं म्हणते आहे. ती या अंकाच्या कामात असते. मी टाळत आले. एक तर माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहायचे, त्यामुळे मराठी घरात, जेवताना आणि भांडताना एवढीच आली. आणि दुसरं म्हणजे, माझ्या कामाबद्दल खरं लिहायचं तर मला एकच गोष्ट लिहावीशी वाटते आणि ती सांगताना मान वर राहत नाही.

आधी काम सांगते. कॉलेज रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मालक शिरीष सर, माझ्याआधीपासून तिथे असलेला राहुल, मी आणि येऊन-जाऊन असणारे एक-दोघे. आम्ही मोठी सॉफ्टवेअर्स बनवत नव्हतो. आम्ही स्क्रिप्ट लिहायचो. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी: ही फाईल उघड, यातले आकडे घे, असे मांड, छापून दे. आम्ही ती पर्ल नावाच्या भाषेत लिहायचो. लासलगावच्या एका व्यापाऱ्याला रोजचे भाव एका पानात हवे असत. मालेगावचे एक यंत्रमागवाले चाचा होते, त्यांना रोज किती मीटर कापड निघालं ते हवं असे. कमी निघालं तर तो आकडा मात्र छापायचा नाही, अशी त्यांची अट होती. "बेटी, खराब दिन कागज पे नहीं आना चाहिए," असं ते मला समजावून सांगायचे. मी हसायचे. पुढे मीच तसं काम करून ठेवणार होते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. नवीन गिऱ्हाईक आलं की जुनी स्क्रिप्ट उचलायची, नाव बदलायचं आणि लागेल तिथे डागडुजी करायची. तारीख ओळखणारा एक तुकडा राहुलने कधीतरी लिहिला होता. अशा तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्या फंक्शनच्या वर त्याने स्वतःसाठी एक टीप टाकली होती, "चहा झाला की बघतो". चहा झाला, पण बघायचं राहिलं. ते फंक्शन सगळ्यांनी उचललं, टिपेसकट. कांदा असो की कापड, आमच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये राहुलचा चहा व्हायचा बाकी होता. त्या फंक्शनमध्ये चूक सापडली की ती प्रत्येक फाईलमध्ये जाऊन दुरुस्त करायची, आणि एखादी हमखास राहायची.

यावर उपाय असतो. सगळ्यांना लागणारी फंक्शनं एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची. तिला मॉड्यूल म्हणतात. मग प्रत्येक स्क्रिप्टने वर एका ओळीत सांगायचं की मी ते मॉड्यूल वापरते आहे. बिल्डिंगच्या गच्चीवर एक टाकी आणि तिचं पाणी सगळ्यांच्या नळाला, तसं. पर्लमध्ये अशा फाईलच्या शेवटी नुसता '१' लिहावा लागतो. त्याचा अर्थ, खरं, सगळं ठीक आहे. तो नसेल तर स्क्रिप्ट मॉड्यूल घ्यायलाच नकार देते. आत काय लिहिलंय याच्याशी त्या '१'चा काही संबंध नसतो.

मॉड्यूल लिहायचं काम मी मागून घेतलं. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. मी फार बुजरी होते. फोन वाजला की मी बाथरूमला जायचे. राहुल आणि बाकीचे चहाला खाली जायचे तेव्हा मला बोलवायचे, आणि मी "माझं थोडं राहिलंय" म्हणायचे. मॉड्यूल ही माझ्यासारखीसाठी फार सोयीची गोष्ट होती. सगळे आपलं लिहिलेलं वापरतात आणि त्यासाठी कुणालाही आपल्याशी बोलावं लागत नाही. मला ते मैत्रीसारखं वाटायचं.

निफाडजवळ नाना म्हणून एक द्राक्ष बागाईतदार होते. त्यांनी निर्यातीसाठी प्री-कूलिंगचा प्लांट टाकला होता. द्राक्ष तोडल्यावर त्यातली उन्हाची गरमी लवकर काढावी लागते. त्यासाठी पेट्या थंड खोल्यांत ठेवतात आणि मोठे पंखे त्यांच्यातून गार हवा ओढतात. तापमान शून्याच्या आसपास आणायचं. चढलं तर देठ तपकिरी पडतो, मणी मऊ होतो आणि परदेशी जाणारा माल नाशिकच्या हातगाडीवर येतो. आमचं काम असं होतं: प्रत्येक खोलीत सेन्सर, त्याची वायर बाहेरच्या कॉम्प्युटरला आणि तीन स्क्रिप्ट. एक तापमान बाहेरच्या लाल आकड्यांच्या बोर्डावर दाखवणारी. दुसरी तापमान चढलं की भोंगा वाजवणारी, ती राहुलने लिहिली होती. तिसरी दिवसाचा आलेख छापणारी, ती माझी. सेन्सरचा आकडा वाचायचं फंक्शन तिघींनाही लागायचं, म्हणून ते माझ्या मॉड्यूलमध्ये.

तिथे खोल्यांवर लक्ष ठेवायला पॅनलवर अर्जुन असायचा. तिशीचा, बारावी झालेला, सतत स्वेटर घातलेला. आमचा बोर्ड यायच्या आधी तो तासातासाला प्रत्येक खोलीत जाऊन काट्याचा थर्मामीटर बघायचा आणि आकडा दारावर खडूने लिहायचा. मी त्याला कॉम्प्युटर शिकवायला गेले तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, मग आता आत जायचं का नाय?"

"गरज नाही," मी म्हटलं. "उलट दार उघडलं की गरम हवा आत जाते. बोर्डावर दिसेलच तुम्हाला."

"बोर्ड चुकला तर?"

"चुकणार नाही."

हे मी म्हटलं होतं, शिरीष सरांनी नाही. मला एरवी चार वाक्यं सलग बोलता यायची नाहीत, पण हे अगदी सहज बोलले. अर्जुनने दारावरचा खडूचा आकडा बाहीने पुसला आणि म्हणाला, "चला, गुडघ्याचं दुखणं गेलं."

पहिला हंगाम छान गेला. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला नानांचा सरांना फोन आला. निर्यात कंपनीचा माणूस आलेख बघून हसला होता. झालं असं होतं, की सेन्सरची वायर ढिली झाली की तो नऊशे नव्व्याण्णव असा वेडा आकडा पाठवायचा. माझ्या आलेखात त्याचा एक सुळका आभाळात जायचा. "नानांच्या खोलीत जरा वेळ लोखंड वितळलं होतं काय, असं विचारतोय तो," सर म्हणाले. "ते काढून टाक. रिपोर्ट क्लीन पाहिजे."

मी फंक्शनमध्ये तीन ओळी घातल्या. आकडा अशक्य वाटला तर तो देऊ नको, त्याआधीचा शेवटचा चांगला आकडा दे. सुळके गेले. रेघ कशी नितळ झाली. चाचांच्या भाषेत, खराब दिवस कागदावर येणं बंद झालं.

आता जे मला तेव्हा दिसायला हवं होतं ते सांगते. फंक्शन एक, वापरणाऱ्या तीन. आलेखाला तो वेडा आकडा नको होता, पण भोंग्याला तोच हवा होता. वायर तुटली की नऊशे नव्व्याण्णव यायचे, भोंगा बोंबलायचा आणि अर्जुन पळत जाऊन बघायचा. राहुलने त्यावर भरवसा ठेवूनच आपली स्क्रिप्ट लिहिली होती. मला एवढंच विचारायचं होतं, "राहुल, मी हे बदलतेय, तुझ्या भोंग्याला चालेल ना?" तो माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे बसला होता. कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत होता, सगळे हसत होते. मी मान वर केली, मग खाली घातली. मध्येच बोलायला लाज वाटली, म्हणून विचारलं नाही. फाईलच्या शेवटी '१' होताच.

काही आठवड्यांनी भर दुपारी नानांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी तिसऱ्या खोलीत पेट्यांची ट्रॉली भिंतीवरच्या डब्यावर आदळली होती. त्या धक्क्याने सेन्सरची वायर निघाली आणि पंख्याचा स्विचही ट्रिप झाला. सेन्सर मेला, पंखे थांबले. बोर्डावर मात्र शेवटचा चांगला आकडा तसाच जळत राहिला: शून्य पॉइंट पाच. भोंगा गप्प. अर्जुन बोर्डासमोर बसून होता. सकाळी दार उघडलं तेव्हा पेट्यांच्या आतल्या कागदाला पाणी सुटलं होतं. कंटेनर दारात उभा होता, तो त्या खोलीतला माल सोडून गेला.

सर आणि मी निफाडला निघालो. जायच्या आधी मी फाईल उघडली होती आणि मला पाहिल्याबरोबर कळलं होतं. गाडीत मी सरांना सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे नीट सांगता आलं. त्यांनी आधी पुढचा ट्रक मागे टाकला. मग म्हणाले, "वायर निघाली हे खरं आहे ना?"

"हो."

"मग तेवढंच बोलायचं. हार्डवेअर."

नानांच्या ऑफिसात नाना, सर, मी आणि दाराजवळ उभा अर्जुन. नाना एरवी मला "या मॅडम, आधी चहा घ्या" म्हणायचे. त्या दिवशी चहा नव्हता.

"अर्जुन्या, तू करत काय होता तिथं?"

"बोर्ड बघत होतो, नाना. पॉइंट पाच होतं."

"रातभर पॉइंट पाच? हालतंय का डुलतंय का, काय नाय बघितलं? झोपला असशील."

"नाय झोपलो. पोरीची शपथ."

"पोरीला कशाला मधी आणतो! आत जाऊन बघायला काय पाय मोडले होते?"

अर्जुनने माझ्याकडे बघितलं. एकदाच. "मॅडम म्हटल्या होत्या, आत जाऊ नका," असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

मी उभी राहिले. डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार होतं, पूर्ण, क्रमाने. मराठीत त्यातलं काहीच येईना. फंक्शन, शेअर, रिटर्न. शेवटी मी म्हटलं, "नाना, माझं चुकलं."

नानांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो मॅडम, बसा बसा. तुमचं कसं चुकंल? तुम्ही तिकडं नाशकात." मग सरांना म्हणाले, "बघा, चांगल्या घरची पोरगी. दुसऱ्याच्या चुकीची माफी मागतीय." सर म्हणाले, "वायर निघाली नाना, हार्डवेअरचा प्रॉब्लेम होता." आणि अर्जुनला नानांनी पॅनलवरून काढून लोडिंगला टाकलं. बदल्यात मला चहा आला. मी तो प्यायले. बोलून झालं, आता माझ्या हातात काही नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि त्याने मला खरंच बरं वाटलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या बरं वाटण्याची वाटते.

त्या दिवशी ऑफिसात परतल्यावर मी त्या तीन ओळी काढल्या आणि राहुलला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "विचारायचं ना, यार. मी काय चावतो का?"

पुढच्या महिन्यात नवीन सेन्सर जोडायला मी एकटीच निफाडला गेले. शेडमध्ये पॅकिंगच्या बाया बसल्या होत्या आणि अर्जुन पेट्या वाहत होता. स्वेटर नव्हता, अंगाला घाम. एक बाई ओरडली, "ए पॉइंट पाच, इकडं आण की पेट्या! का झोप लागली?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "हळू बोल गं, पोरीची शपथ घेईल." तो पेट्या ठेवून गेला. मला बघून मान हलवली, नेहमीसारखी.

मी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. बोलून काही होत नाही, हे एकदा दिसलं होतं. बोलायला मला यायचंही नाही. मग मी पेन ड्राइव्हमधून जुनं मॉड्यूल काढलं, त्या तीन ओळींसकटचं, आणि नव्याच्या जागी ठेवलं. गार करून ठेवलेल्या एका रिकाम्या खोलीचा सेन्सर चालू केला. बोर्डावर पॉइंट पाच यायची वाट बघितली आणि नानांना बोलवायला गेले. "नाना, एक दाखवायचंय," एवढं जमलं.

खोलीत गेल्यावर मी त्यांच्या हातात सेन्सरची वायर दिली आणि म्हटलं, "ओढा."

"तुटंल ना."

"तुटू दे."

त्यांनी ओढली. वायर निघून त्यांच्या मुठीत आली. मी त्यांना तशीच बाहेर घेऊन आले, बोर्डासमोर.

नाना एकदा मुठीकडे, एकदा बोर्डाकडे बघत राहिले. "वायर माझ्या हातात हाय."

"हो."

"आन् वर पॉइंट पाच?"

"हो. उद्यापर्यंत थांबलात तरी तेच दिसेल. आत आग लागली तरी. भोंगाही वाजणार नाही. ते मी केलं होतं, नाना. रिपोर्ट चांगला दिसावा म्हणून. अर्जुन झोपला नव्हता. आणि आत जाऊ नका, असं त्याला मीच सांगितलं होतं."

पेट्या वाहणारी माणसं थांबली होती. नानांनी वायर माझ्या हातात परत दिली, एखादी मेलेली पाल द्यावी तशी.

"मॅडम, त्या दिवशी का नाय बोलल्या?"

"बोलले होते. माझं चुकलं म्हणाले होते."

"त्याला बोलणं म्हणत्यात का?" नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ते तर आम्ही पावण्यावर चहा सांडला तरी म्हणतो."

नानांनी शेडकडे तोंड करून हाक मारली, "अर्जुन! उद्यापासनं पॅनलवर." माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही. निघण्याआधी मी नवं मॉड्यूल परत जागेवर ठेवलं आणि सरांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. नानांनी दुसऱ्या प्लांटचं काम आम्हाला दिलं नाही, आणि त्यात मला अन्याय वाटला नाही.

तेव्हापासून मी मॉड्यूलच्या वर एक जागा ठेवते. कोणकोणत्या स्क्रिप्ट हे वापरतात, त्या कुणाच्या आहेत आणि बदलायच्या आधी कुणाला विचारायचं, ते तिथे लिहिते. नव्या मुली येतात, त्यांना सांगते की हे वाचून भागत नाही, उठून जाऊन विचारायचं. त्या मान हलवतात. त्यातली एखादी फार शांत असली की मी तिच्या खुर्चीजवळ जरा जास्त वेळ उभी राहते.

शेवटचं सांगते. पुढच्या हंगामात मी पुन्हा निफाडला गेले होते. नवीन फंक्शन लावलं होतं: वायर निघाली की बोर्डावर आकडाच येत नाही, नुसत्या रेघा येतात आणि भोंगा वाजतो. मी पॅनलकडे गेले तर अर्जुन खुर्चीत नव्हता. दुसऱ्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि तो बाहेर आला, स्वेटर घातलेला, हातात काट्याचा थर्मामीटर. मला बघितलं आणि त्याने तो पटकन खिशात टाकला.

"या मॅडम. काय नाय, दार नीट बसतंय का बघत होतो."

माझ्या ओठांवर "बरं" आलं होतं. ते नेहमीच तयार असतं. मी ते गिळलं.

"किती आहे आत?"

"हे काय, बोर्डावर हाय की. पॉइंट पाच."

"बोर्डावरचं नाही. खिशातलं."

त्याचे कान लाल झाले. चोरी पकडल्यासारखा तो उभा राहिला. मला सांगायचं होतं की चोर तू नाहीस, पण ते वाक्य पुन्हा इंग्रजीतच आलं.

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून..." तो म्हणाला. मग थर्मामीटर बाहेर काढून बघितला आणि हसला. "खिशात गरम झाला. आता चढलाय बघा. परत आत जावं लागंल."

"चला."

आम्ही आत गेलो आणि दार ओढून घेतलं. पंख्यांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. पेट्यांच्या दोन रांगांमध्ये त्याने थर्मामीटर धरला आणि आम्ही दोघं काटा उतरायची वाट बघत राहिलो. माझे दात वाजायला लागले, तेव्हा काटा थांबला. अर्जुनने बोटं दाखवली, सहा. पॉइंट सहा.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "एवढं चालंल, मॅडम. पण मी बघत जाईन."

"बघत जा," मी म्हटलं. "दार उघडलं तरी चालेल."

तेवढ्यात शेडमधून कुणीतरी त्याला हाक मारली, "ओ पॉइंट पाच, जेवायला!" त्यात आता टोमणा नव्हता, नुसती हाक होती. अर्जुनने मागे वळून, स्वतःच्या नावाला द्यावी तशी ओ दिली.